पेढीचं पाणी

“आपल्या घरचा पैसा एकाच जागी राहते, आणि काहून म्हणून कोणी विचारत नाही.”

हा नियम नीलिमानं पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती फ्रॉक घालायची, आणि आजोबांनी, म्हणजे रेल्वेच्या लोकोशेडमधून निवृत्त झालेल्या भैय्यालाल मेश्रामांनी, तो दाढी करता करता आरशातूनच तिला सांगितला होता. पुढे तो तिनं बाबांकडून ऐकला, आईकडून ऐकला, आणि अलीकडे थोरल्या भावाकडून, प्रफुल्लकडूनही ऐकला. शब्द तेच, आणि मध्ये श्वास घ्यायची जागाही तीच.

ती एक जागा म्हणजे रायपूरच्या शंकर नगरमधली संचय सहकारी पेढी. विदर्भातून रेल्वेत नोकरीला आलेल्या काही माणसांनी ती फार पूर्वी एका क्वार्टरच्या व्हरांड्यात सुरू केली होती. आता तिची दुमजली पांढरी इमारत होती आणि आत शिरलं की नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ जाळत्या दिवसांतसुद्धा, अंगावर गारवा येत असे. मेश्रामांचं जे काही होतं ते सगळं तिथं होतं. आजोबांची पेन्शन, बाबांचा उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातला पगार, आईचे दागिने, घराचे कागद, विमा. विजेचं बिलसुद्धा पेढीच परस्पर भरून टाकायची.

खरं सांगायचं तर नीलिमालाही पेढीचं कौतुक होतं. वडीलधाऱ्यांच्या बहुतेक गोष्टी तिला कपाटात घालून कुलूप लावण्याच्या लायकीच्या वाटत, पण पेढीला नावं ठेवायला तिला जागा सापडत नसे. बाबांच्या कारखान्याला मध्ये काही महिने टाळं लागलं तेव्हा शेजारची घरं उधारीवर चालली होती, आणि यांच्या दारात मात्र वाणसामान येऊन पडलं होतं, न मागता. आजोबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा बाबा दवाखान्यात पैसे भरायला गेले तर खिडकीतला माणूस म्हणाला, “भर दिया है ना आप लोगों ने, सुबह ही.” राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, रस्तोरस्ती काचेच्या दारांच्या बँका उघडल्या, गल्लीतली माणसं पगार एकीकडे, कर्ज दुसरीकडे आणि ठेव तिसरीकडे करून भर उन्हात शहरभर पळत असायची. त्या वेळी मेश्रामांच्या ओसरीवर पंखा फिरत असे आणि चौघं त्याच्याखाली निवांत बसलेली असत. समोरच्या मीराकाकू म्हणायच्या, “तुमच्या घरातून भांडणाचा आवाजच येत नाही वं बाई कधी. कोणतं पुण्य केलं तुम्ही?”

भांडण नव्हतं हे खरं. ते का नाही, हे मात्र नीलिमाच्या हळूहळू लक्षात यायला लागलं होतं. घरात कोणाला काही नकोच असायचं.

प्रफुल्लचंच घ्या. हा पोट्टा एके काळी कॅमेऱ्यासाठी जीव टाकायचा. पहाटे उठून तेलीबांध्याच्या तलावावर जायचा, बगळ्यांच्या मागे चिखलात लोळून यायचा, आईच्या शिव्या खायचा, आणि नागपूरच्या पेपरात फोटोग्राफर होणार म्हणून बाबांशी ताटावरून उठेपर्यंत भांडायचा. मग त्याला नोकरी लागली, आजोबांनी त्याला पेढीत नेलं, आणि त्याच दिवशी त्यानं कॅमेरा पेढीच्या लॉकरमध्ये ठेवला. सुरक्षित राहील म्हणून. एकदा तिनं विचारलं होतं, “दादा, कॅमेरा आणत काहून नाहीस?” त्यानं तिच्याकडे मान तिरकी करून पाहिलं. चिडून नाही, दुःखानंही नाही. “किस लिए?” एवढंच म्हणाला, आणि तो प्रश्न त्याला खरोखरच पडलेला होता.

त्याच उन्हाळ्यात माठाची गोष्ट तिच्या ध्यानात आली.

सकाळी माठ भरणं हे तिचं काम होतं. संध्याकाळी पाहिलं की माठ जवळजवळ तसाच. ती पिऊन जेवढं कमी व्हावं तेवढंच कमी झालेलं. आधी तिला वाटलं, आई मधूनच भरत असेल. मग एका रविवारी ती मैत्रिणीकडे बीरगांवला गेली, दिवस कलल्यावर परतली, आणि झाकण उचललं तर पाणी काठाला टेकलेलं, सकाळी सोडलं होतं तसं. झाकणावर पालथे घातलेले पेले कोरडे ठणठणीत होते. एकावर तर धुळीचा पापुद्रा बसला होता.

“आई, आज कोणी पाणी नाही प्यालं?”

“नाही लागली तहान.” आई भाजी निवडत होती.

“या उन्हात? चौघांपैकी कोणालेच?”

आईनं मेथीची काडी मोडली. “सगळं एका जागी असलं की जिवाले घोर नसते, बेटा.”

ओसरीवरून आजोबांनी हुंकार भरला. बाबांनीही. नीलिमा माठापाशी उभी राहिली आणि एक पेला भरून प्यायली, मग दुसरा. पेल्याचा काठ तिनं नेहमीसारखा दातात धरला होता. ही तिची लहानपणापासूनची खोड. घरात सगळे वरून पाणी प्यायचे, पेला तोंडापासून वीतभर उंच धरून, एक थेंब न सांडता. ही एकटी तोंड लावून प्यायची, काठ चावायची, आणि निम्मं हनुवटीवरून ओघळू द्यायची. “उष्टा करते पेला, घोडी झाली तरी,” असं म्हणत आई पूर्वी पदरानं तिची हनुवटी पुसायची. आता आई रागवायचीही नाही. नीलिमाचा पेला वेगळा ठेवलेला होता. त्याच्या काठाला, दोन पुढचे दात जिथं टेकत तिथं, दोन बारीक खळगे पडले होते. पुढच्या दातांतला एक किंचित वाकडा होता, म्हणून एक खळगा तिरपा होता.

घरातली ती चौघं पाणी प्यायची ती फक्त पेढीत. महिन्यातून एकदा सगळी मिळून जायची, लग्नाला निघाल्यासारखी. पेढीत प्रत्येक खातेदाराचा स्टीलचा पेला असायचा, त्यावर नाव घातलेलं, लग्नाच्या भांड्यांवर घालतात तसं ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत. नवा माणूस आला की त्यानं आपल्या पेल्यातून पाणी प्यायचं. तेच खातं उघडणं. सह्याबिह्या मागाहून सवडीनं होत.

आणि आता नीलिमाची वेळ आली होती. तिला मंत्रालयात नोकरी लागली होती. पहिला पगार व्हायचा होता, आणि तो कुठल्या बँकेत जाणार हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं: पेढीत नाही. नागपूरला जाऊन वकिली शिकायची, हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. तेवढी एक गोष्ट तिची स्वतःची होती. रात्री अंथरुणावर पडलं की उशाखाली हात घालून एखादी वस्तू चाचपावी तशी ती आपली इच्छा चाचपून पाहायची, आहे ना म्हणून.

“शनिवारी तुलेही यायचं आहे,” बाबा म्हणाले.

“मी दुसऱ्या बँकेत खातं काढून राहिली, बाबा.”

पंखा फिरत राहिला. कोणी ओरडलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

“चालते ना,” आजोबा प्रेमानं म्हणाले. “येऊन तर पाय. थंड हवा आहे. मग तुझ्या मनात असंन तसं कर.”

“माझ्या मनात आहे तेच करीन मी. तिथं येऊन, तोंडावर सांगीन सगळ्यांच्या.”

“हव, सांगजो,” आजोबा हसले. “भांडखोर पोट्टी.”

प्रफुल्ल म्हणाला, “अरे यार नीलू, रहने दे ना.” पण कशाला राहू द्यायचं ते त्यालाही ठाऊक नसावं.

शनिवारी ती निघाली तेव्हा दुपार कडकडीत तापली होती. ऑटो पेढीपासून लांबच थांबला, पुढचं डांबर उकरून ठेवलं होतं. नवी राजधानी सगळीकडून खणलेली होती. चौघं पुढे चालली होती, सावकाश, कपाळावर घामाचा टिपूस नाही. तिची ओढणी मात्र मानेला चिकटली होती, जीभ टाळूला लागत होती. तिनं मुद्दामच वाटेत पाणी घेतलं नाही. ही कोरड तिला कधी नव्हे इतकी आवडत होती. घरात ती तिला एकटीलाच होती.

आतला गारवा खरोखर सुंदर होता. पांढरी फरशी, उंच छत, कुठे रांग नाही, कुठे आवाज नाही. बाकांवर माणसं बसली होती, आपापल्या घरच्यांबरोबर, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर तीच विश्रांती होती जी तिनं आजवर फक्त झोपलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिली होती. क्षणभर नीलिमालाही बसून राहावंसं वाटलं. काय वाईट होतं यात? कोणाला फसवलं नव्हतं. कोणाचं एक पैशानं नुकसान झालं नव्हतं.

“आ गई हमारी नीलिमा,” असं म्हणत शर्मिष्ठादीदी आली. पेढीतलं सगळं हीच पाहायची. मायाळू बाई, नीलिमाच्या मावशीच्या वयाची. तिच्या हातात तबक होतं, आणि तबकात पाच पेले.

आजोबांनी आपला उचलला, मान मागे टाकली आणि उंचावरून धार सोडली. बाबांनी, आईनं, प्रफुल्लनं तसंच केलं. चार धारा, एकही थेंब बाहेर नाही. त्यांचे पेले कालच दुकानातून आणावेत असे लखलखत होते. आजोबांचा इतक्या वर्षांचा, तोही.

पाचवा तिचा होता.

तिनं तो हातात घेतला आणि दिव्याकडे धरला. ‘नीलिमा’ या अक्षरांचे ठिपके बोटांनी झिजून गुळगुळीत झाले होते, शेवटचा काना तर चाचपूनच कळत होता. बुडाला पोचा होता. स्टीलवर इतक्या बारीक रेघा होत्या की ते धुरकट दिसत होतं. ही तिची इथं येण्याची पहिली वेळ होती.

“हा जुना आहे,” ती म्हणाली.

“तुमचाच आहे,” दीदी मराठीत म्हणाली. “दुसऱ्या कोणाला नाही देत आम्ही.”

नीलिमानं काठावरून अंगठा फिरवला. एका जागी तो थांबला. तिथं दोन बारीक खळगे होते, एक सरळ, एक तिरपा.

पेढीत कोणी तोंड लावून पीत नव्हतं. तिनं मान वर करून पाहिलं, सगळ्या बाकांवरून पाहिलं. कोणीच नाही.

“पी, बेटा,” बाबा म्हणाले. “किती उन्हातून आली.”

“पिऊन टाक,” आई म्हणाली. “सगळं एका जागी असलं की...”

“जिवाले घोर नसते!” नीलिमा ओरडली. तो आवाज छतापर्यंत गेला आणि परत आला. “माहीत आहे मले! दादाले कॅमेरा आठवत नाही. तुले, आई, माझ्यावर शेवटचं कधी रागावली ते आठवत नाही. तुमच्यापैकी कोणाले तहान लागत नाही, आणि तुम्ही याले सुख म्हणता! मले तहान लागली आहे, आजोबा. घसा जळून राहिला माझा. तो मले तसाच पाहिजे. मी नागपूरले जाणार आहे, वकिली शिकणार आहे, आणि माझा पगार, माझी तहान, माझं जे काय असंन ते मी माझ्यापाशी ठेवणार आहे. मी हे पाणी पिणार नाही. आजही नाही आणि कधीच नाही.”

आणि तिनं तो पेला समोरच्या तबकात आपटला.

आवाज मोठा झाला. पाणी मात्र सांडलं नाही, पेला रिकामाच होता.

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. बाबांनीही. बाकांवरची माणसंही वळली. कोणी रागानं पाहत नव्हतं. सगळ्यांची नजर तिच्या चेहऱ्याच्या जरा खाली, एका जागी स्थिरावली होती.

मग आई एक पाऊल पुढे आली आणि, लहानपणी पुसायची तशी, तिनं पदराच्या टोकानं लेकीची ओली हनुवटी पुसली.