पार्टी गाडीतून उतरत नाही

मी एक शब्द. 'पार्टी' म्हणतात मला. माहेर विलायतेचं, पण आळे गावच्या शिवारात आता एवढी मुरलेय, की कोणी परकी म्हटलं तर मला राग येतो.

पोरगं पास झालं की मी म्हणजे मटणाचा रस्सा. निवडणूक आली की मी झेंडा. सोयरीक जुळवताना मी समोरचं घराणं, आणि कोर्टात भांडणारे दोघंही मीच. माझी तक्रार नाही. तिथं सगळीकडे मला चेहरा असतो.

पण जमिनीचा एजंट बाळासाहेब माझं नाव घेतो ना, तेव्हा माझ्याच मनात पाल चुकचुकते.

"पार्टी लई मोठी हाये, पोपटभाऊ," ओसरीवर चहा फुंकत तो म्हणाला. "पुण्याची. फक्त नाव इचारायचं न्हाई."

पोराला टेम्पो घेऊन द्यायचा म्हणून पोपटने रस्त्याकडचा तुकडा विकायला काढला होता. तो लगेच हुरळला. त्याची बायको द्रौपदा मात्र दारातच थबकली. मागच्या मळ्याची वाट त्याच तुकड्यातून जात होती. घेणाऱ्याने उद्या काटे टाकले तर? चुलतदीर कुंडलिकने वरच्या शेताची वाट अशीच अडवली होती. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद, आणि कुंडलिकला ढेकूळसुद्धा विकणार नाही, ही पोपटची शपथ.

"नाव नगं, पण पार्टीला जेवायला तरी आणा," द्रौपदा म्हणाली. "वाट कुणाच्या हातात देतोय ते कळू द्या."

"वहिनी, मोठी माणसं अशी कुठंबी जेवत न्हाईत!"

अहो, खोटं! ज्याला लपायचं असतं, तो माझ्याच पदराआड लपतो. मला ओरडावंसं वाटलं, पण शब्दाला तोंड लोकांचंच.

इसाराचे पैसे देण्याआधी घेणाऱ्याने बांध फिरून बघायचा, ही इथली रीत. रविवारी सकाळी काळ्या काचांची गाडी बांधाशी थांबली. बाळासाहेब एकटाच उतरला.

"पार्टीला उन्हाचा त्रास हाये," तो म्हणाला.

तेवढ्यात पोपटचा कुत्रा टिप्या गाडीवर धावला. परका माणूस दिसला की फाडून खायला उठणारं जनावर ते! पण भुंकलंच नाही. काचेला पाय लावून शेपूट हलवत कुंईकुंई करायला लागलं.

बांधावर उभी असलेली द्रौपदा गाडीपाशी गेली. बांधावर बसून टिप्याला रोज भाकरी टाकणारा माणूस तिला ठाऊक होता. माणसांचं बोलणं बंद होतं, कुत्र्याचं नव्हतं.

तिने काचेवर बोटं वाजवली. "कुंडलिक भावजी, उतरा खाली. भाकरी तयार हाये. जमीन न्हाई."

काच उघडली नाही. गाडी वळली आणि फाट्याकडे निघून गेली. टिप्या बिचारा मागे धावत राहिला.

तर राव, मला हवं तसं वापरा. पण नुसतं माझं नाव घेऊन कोणी दारात आलं, तर आधी कुत्रं सोडा. भुंकलं तरी कळेल, नाही भुंकलं तरी कळेल.