बावीस पाहुणे आणि वाडीचे पाणी

मित्रांनो, मी एक जुना हातपंप आहे. घाटघरच्या अलीकडे, डोंगराला टेकलेल्या एका वाडीत मी उभा आहे. १९९१ साली मला इथे बसवले, तेव्हा बायकांनी माझ्या दांड्याला हळदकुंकू लावले. तोवर त्यांना दरीतल्या झऱ्यावरून पाणी आणावे लागे. उन्हाळ्यात मात्र माझ्याकडे थोडेच पाणी असते. पहाटे चाळीसेक हंडे भरले की दुसऱ्या पहाटेपर्यंत मला उसंत लागते. म्हणून वाडीतल्या म्हाताऱ्या सोनीबाईने नेम घालून दिला होता, घरटी दोनच हंडे.

१९९९ च्या मे महिन्यात पुण्याच्या एका कॉलेजातली बावीस मुले-मुली सेवा शिबिरासाठी आली. दहा दिवस सांडपाणी जिरवायचे शोषखड्डे खणायचे आणि मग अनुभवांचा अहवाल लिहायचा. त्याला मार्क होते. दिवसभर ती धुळीने माखत आणि संध्याकाळी माझ्याच पाण्याने आंघोळी करत, कपडे धूत. पहाटे बायकांना दहा हंडेही मिळेनात.

सोनीबाई त्यांच्या प्रमुखाकडे, सार्थककडे गेली.

"पावणं, सांजचं पानी उपसू नका. सकाळी आमाला मिळत न्हाई."

"आजी, आम्ही तुमच्यासाठीच राबतोय ना? आंघोळ तरी करू द्या."

त्या संध्याकाळी पाणी संपले, तरी सार्थक माझा दांडा दाणदाण हापसत राहिला. माझी आतली चेन तुटली. बायका पुन्हा दरीत उतरू लागल्या. तिसऱ्या दिवशी सोनीबाईची सून भागू हंड्यासकट घसरली. तिचे मनगट मोडले.

शेवटच्या दिवशी माझ्यासमोरच अनुभवकथनाची सभा भरली. सार्थक उभा राहिला. "इथल्या लोकांना आम्ही पाण्याचं महत्त्व शिकवलं," तो म्हणाला.

सोनीबाई उठली. तिने माझा दांडा धरून दाबला. तो सैल पडला, थेंबही आला नाही.

"हे शिकवलं व्हय?" ती म्हणाली. "माझी सून हात बांधून घरात बसलीय. तिला जाऊन शिकवा."

 मग इंद्रायणी नावाची मुलगी वही घेऊन उठली.  "पंप मोडेपर्यंत मी रोज इथे आंघोळ केली. पहाटे रिकाम्या हंड्यांचा आवाज ऐकला आणि कूस बदलून झोपले. मी एवढंच शिकले."

"हे अहवालात लिहू नकोस," सार्थक पुटपुटला. "सगळ्यांचे मार्क जातील."

"मी लिहिणार."

सकाळी त्यांची गाडी निघाली. निरोपाला वाडीतले एकही माणूस आले नाही.

पंधरा दिवसांनी इंद्रायणी एकटीच एसटीने आली, सोबत मिस्त्री घेऊन. त्याच्यासाठी तिने तालुक्याच्या कचेरीत तीन खेपा घातल्या होत्या. त्याने नवी चेन बसवली, वंगण घातले. पहिला हंडा भरला. इंद्रायणीने तो उचलून सोनीबाईच्या दारात ठेवला आणि भागूची चौकशी केली.

"पानी आलं, ब्येस झालं," सोनीबाई म्हणाली. "माझा राग हाय तसाच हाय. जा आता, येष्टी चुकंल."

इंद्रायणी मान खाली घालून निघाली.

मित्रांनो, सेवेला जरूर जा. पण ज्या गावी जाल, तिथले पाणी किती जणांना पुरते, ते पहिल्या दिवशीच विचारा. आणि माझा दांडा हलक्या हाताने धरा.