रस्सीखेचीचा दाखला

माझ्या कोपरखैरण्याच्या दवाखान्यात एक नियम आहे: तपासल्याशिवाय फिटनेस सर्टिफिकेट मिळत नाही. सकाळी सुचिता एकटीच आली. तिच्या सासूबाई, धोंडूबाई, गावातल्या ज्येष्ठांच्या रस्सीखेचीत उतरणार होत्या आणि तिथे डॉक्टरांचा दाखला मागितला होता.

"मॅडम, अनफिट लिहा ना. या वयात पडल्या तर?"

"न तपासता अनफिटही लिहीत नाही."

संध्याकाळी ती सासूबाईंना घेऊन आली. धोंडूबाईंचा रक्तदाब, हृदय, गुडघे ठीक होते. मग मी त्यांना इमारतीचे दोन मजले चढून यायला सांगितलं आणि सोबतीला सुचिताला पाठवलं.

परतताना धोंडूबाई बोलतच होत्या. सुचिता मात्र बाकावर टेकली. तिला धाप लागली होती.

"जल्मभर खाडीत होडी वढलीय मी," धोंडूबाई म्हणाल्या. "हिची नाडी बघा आधी, डॉक्टरबाय."

मी पाहिली. ती अजून धावतच होती. मी धोंडूबाईंना दाखला दिला.

"हिला रोज चालायला न्या."

"नेते की. सूनबायांची पन रस्सीखेच हाय. पुढच्या साली हीच उतरनार."

"मॅडम," सुचिता कशीबशी म्हणाली, "तेव्हा तरी अनफिट लिहाल ना?"

"तपासल्याशिवाय नाही."