कोरडी जाळी

मित्रांनो, मी एक जुने फावडे आहे. माझी धार केव्हाच गेली आणि दांड्याला वाळवी लागली आहे. ला बारीता वस्तीतल्या शेवटच्या घराच्या भिंतीला टेकून मी उभे आहे. घरात कुणी राहत नाही, त्यामुळे मला आत घेणारेही कुणी नाही.

आमच्या किनाऱ्यावर जहाजे फार फुटत. अशाच एका जहाजाच्या फळ्यांतून ही वस्ती उभी राहिली आणि त्याच्याच पत्र्यातून बेनिग्नो लोहाराने मला घडवले. एका बाजूला तळे, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये वाळूचा बांध. हिवाळी पावसाने तळे फुगले की तो बांध फोडायचा, हे माझे काम. तळ्याचे पाणी समुद्रात जाई, मग समुद्र आत येई आणि येताना कोळंबीची पिल्ले आणी. त्या कोळंबीवर वस्ती वर्षभर जगे.

पण घाई करून चालत नसे. तळे अर्धवट भरलेले असताना बांध फोडला, तर पाण्याला जोर नसतो. समुद्र वाळू लोटून बांधाला पडलेले तोंड लगेच बुजवून टाकतो आणि कोळंबी बाहेरच राहते. म्हणून घरात पाणी शिरले तरी लोक कळ काढत. खाटांखाली विटा सरकवत, चूल टेबलावर चढवत, वर चेष्टाही करत. "काय गं, आज उंबऱ्यातच मासे धरलेस वाटतं?" असे शेजारणी एकमेकींना विचारत. बांध कधी फोडायचा, ते म्हातारा अनिसेतो ठरवी; सगळे त्याला मानाने 'डॉन' म्हणत.

शेवटचा घाव माझा धनी दालमिरो घाली, आणि तो माझ्याच पात्याने. त्या क्षणी पाणी अंगावर येते, पायाखालची वाळू पळते. भल्याभल्यांची छाती होत नसे. "हे दालमिरोचं फावडं," म्हणत लोक मला हात लावून बघत. मला त्याचा फार गर्व वाटे, खोटे कशाला बोलू?

एका वर्षी दालमिरोच तापाने अंथरुणाला खिळला. छाती कफाने भरलेली, खाटेखाली पाणी, पांघरूण ओलेगच्च. त्याची बायको ओरफिला ते पांघरूण वाळवायला चुलीवर धरी आणि ओल्या लाकडांची चूल विझून जाई. एका सकाळी तिने मला उचलले, तडक बांधावर गेली आणि खणायला लागली. सगळी वस्ती मागून धावत आली.

"पोरी, ठेव ते खाली," डॉन अनिसेतो म्हणाला.

"घरात गुडघाभर पाणी झालंय, डॉन अनिसेतो! त्याला श्वास घेववत नाही."

"मग माझ्या घरात काय धूळ उडतेय? अजून हातभर चढू दे. आत्ता फोडलास, तर उन्हाळ्यात पोरांना काय वाळू खायला घालशील?"

"पोरं मलाही आहेत. पण बाप एकच आहे त्यांना."

गर्दीतून कुणीतरी पुटपुटले, "बांध काय हिच्या बापाचा आहे?"

ओरफिला गर्रकन वळली. "माझ्या बापाचा नाही. पण माझा नवरा दरवर्षी जीव धोक्यात घालून फोडतो तो. तुमच्यासाठी!"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. डॉन अनिसेतोने मला तिच्या हातून काढून घेतले. वाळू मला कळते, मित्रांनो. पाण्याच्या बाबतीत म्हातारा चुकत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दालमिरो गेला.

प्रेत ठेवायला कोरडी जागा हवी होती. तेव्हा सगळ्यांना टेकाडावरचे कोठार आठवले. त्यात वस्तीची जाळी ठेवलेली असत. ओली राहिली तर जाळी कुजतात, म्हणून सगळ्यांत उंच जागा वाडवडिलांपासून त्यांची. चौघे जण आत गेले, त्यांनी जाळी भराभर बाहेर काढली आणि दालमिरोला आत निजवले. चुलीवर ठेवलेल्या पाण्याला आधण यायच्या आत काम झाले.

ओरफिला दारात उभी राहून बघत होती. "एवढंच करायचं होतं?" ती म्हणाली.

डॉन अनिसेतोने टोपी काढली.

"मलाही नाही सुचलं," ती म्हणाली. "रोज डोळ्यांसमोर होतं हे कोठार."

दालमिरोला पुरून आल्यावर, पाणी हातभर चढले तेव्हा, माणसांनी बांध फोडला. शेवटचा घाव दालमिरोऐवजी कुणी घातला ते मला सांगवत नाही. पाणी जोरात गेले, समुद्र आत आला, आणि त्या उन्हाळ्यात आली तेवढी कोळंबी वस्तीने कधी पाहिली नव्हती. ओरफिलाने तिला हात लावला नाही. पोरांना घेऊन ती शहरात निघून गेली. मग एकेक घर रिकामे होत गेले. हल्ली बांध फोडायला यंत्र येते आणि काम उरकून निघून जाते.

मित्रांनो, अवजारांना तेल लावा, जाळी वाळवून ठेवा. मी नको कशाला म्हणू? पण घरात कुणी आजारी पडले, तर आधी कोरडी जागा कुठे आहे ते बघा, आणि तिथे जे काही ठेवले असेल ते बाहेर काढा. जाळी कुजली तर पुन्हा विणता येतात.