जैनूचाचांची लाईन

जैनुद्दीन होडेकर गेले त्याला नऊ महिने झाले, तेव्हा त्यांच्या मुलीने, रझियाने, एक बेत केला. चाचांच्या रेल्वे-मॉडेलच्या किटची गिऱ्हाइकं जिथे जिथे होती तिथे तिने फोन केले. एका रविवारी रत्नागिरीत या, आणि तुम्ही जे बांधलंत ते सोबत आणा. दहा-बारा जण येतील असं आम्हाला वाटलं होतं. आले एकतीस. नाशिकचे एक गृहस्थ अख्खा रेल्वे पूल मांडीवर घेऊन बसमधून आले होते आणि वाटेत जेवायलाही उतरले नव्हते.

मी शमिका भाटकर. इथल्या पॉलिटेक्निकमध्ये मी सव्वीस वर्षं ड्रॉइंग शिकवलं, आणि त्यातली बरीच वर्षं चाचांच्या किटमधल्या पुस्तिकांची चित्रं काढली. त्यांची माझी ओळख दोन हजार सहा सालची. ते एका सकाळी वही घेऊन माझ्या दारात उभे राहिले. मालवाहू जहाजांच्या इंजिन-रूममध्ये बावीस वर्षं फिटर होते. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून इथल्या राजीवड्यात घरी परतले होते.

"मॅडम, मला कोकण रेल्वेचा पानवलचा पूल लहान करायचाय," ते म्हणाले. "मापं हायत. कागदावर नीट उतरवायला तुमचा हात पाहिजे."

"पुलाची मापं तुम्हाला कुणी दिली?"

"कोण देतंय? सावली मोजली. खांबाची एक, माझ्या काठीची एक. चार दिवस रोज दरीत उतरलो."

मी वही उघडली. प्रत्येक खांबाच्या चार नोंदी, चार वेगवेगळ्या दिवसांच्या. मी तिथेच बसून त्रैराशिकं मांडली. एवढ्या उंच खांबांच्या चार दिवसांच्या मापांत वीतभरही फरक नव्हता. दुखऱ्या गुडघ्यांनी त्या दरीत उतरलेल्या माणसाकडे मी बघतच राहिले. त्यांना चहा विचारायचंसुद्धा मला सुचलं नाही.

त्यांची किटं अशी तयार झाली. दोन फूट लांबीचा खोका. आत पातळ प्लायवूडचे हाताने कापलेले भाग, रूळ, स्लीपर, माझ्या चित्रांची पुस्तिका, आणि एक छोटी पुडी. पुडीत खरा जांभा दगड असायचा, कुटून, तीनदा चाळून घेतलेला. मॉडेलमधल्या डोंगराला तोच लावायचा. नागपूरच्या एका बाईंनी कळवलं होतं, पुडी उघडली आणि माहेरच्या अंगणाचा वास आला. ते पत्र चाचांनी रझियाकडून दोनदा वाचून घेतलं होतं.

लोकांचा त्यांच्यावर जीव होता. एखादा भाग तुटला तर नवा यायचा, सोबत "फिकीर नको" अशी चिठ्ठी. पण संदेशसाठी त्यांनी जे केलं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

संदेश सांगलीला बँकेत होता. काचबिंदूने त्याची दृष्टी गेली, तेव्हा करबुडे बोगद्याचं किट त्याच्या टेबलावर न उघडता पडलं होतं. त्याने चाचांना फोन केला. "खोका परत पाठवतो. दुसऱ्या कुणालातरी द्या."

"पाठव," चाचा म्हणाले.

खोका आल्यावर त्यांनी काळ्या फडक्याने स्वतःचे डोळे बांधले आणि ते किट जुळवायला बसले. एक दिवस नाही, आठ दिवस, सकाळपासून दुपारपर्यंत. कुठे बोट अडतं, कुठला तुकडा कुठला वाटतो, ते तसेच तोंडाने सांगत आणि रझिया लिहून घेई. मग त्यांनी सगळे भाग नव्याने कापले. प्रत्येकाच्या कडेला खाचा, पहिल्या पायरीला एक, दुसरीला दोन. माझ्या चित्रांच्या जागी त्यांनी स्वतःच्या आवाजात सगळी कृती रेकॉर्ड केली. शेवटी मला बोलावलं आणि माझे डोळे बांधले.

"मॅडम, तुमचं जुळलं तर त्याचंही जुळेल."

सव्वातीन तासांत माझ्या हाताखाली बोगद्याचं तोंड उभं राहिलं. 

तोच बोगदा घेऊन संदेश त्या रविवारी आला होता. त्याच्याबरोबर त्याची बायको होती.

आम्ही शाळेच्या हॉलमध्ये बाकं जोडून लांब मांडणी केली होती. ज्याला जिथे जागा मिळाली तिथे त्याने आपलं मॉडेल ठेवलं. उक्षीचं स्टेशन, भोक्याजवळची डोंगर फोडून काढलेली वाट, निवसरची रुळांखालची मोरी. पानवलचे पूल तर चार आले होते. लोक एकमेकांचं काम वाकवाकून बघत होते, चाचांच्या आठवणी सांगत होते. संदेश मात्र बोटांनी बघत होता. आपल्या बोगद्यापासून निघून तो बाकांच्या कडेने पुढे सरकला आणि भोक्याच्या मॉडेलपाशी थांबला. त्याचं बोट मॉडेलच्या टोकाच्या फळीवर होतं. ते तो वर नेई, खाली आणी, परत वर नेई.

"रझियाताई, हे काय आहे?"

"भोक्याचं कटिंग. का ओ?"

"माझ्या बोगद्याची फळी अशीच आहे. इथे उतार, इथे गटार, इथे बोटभर उंचवटा. हे दोन्ही जरा शेजारी ठेवता?"

आम्ही ठेवले. फट राहिली नाही. रुळाला रूळ लागलाच, पण गटारही सरळ पुढे गेलं. संदेशच्या डोंगराचा उतार दुसऱ्या माणसाच्या डोंगरात उतरला. एक सांगलीत बांधलेला, दुसरा ठाण्यात, आणि त्या दोघांनी एकमेकांना त्या दिवसापर्यंत पाहिलंही नव्हतं.

 प्रत्येक पुस्तिकेच्या शेवटी चाचा मला एक ओळ लिहायला लावत, "टोकाच्या फळ्या तासू नयेत." का, असं मी एकदा विचारलं होतं. "लिहा मॅडम, त्यात कोणाचं नुकसान नाय," एवढंच ते बोलले होते.

मग हॉलमध्ये जी धांदल उडाली, ती काय सांगू! बाकं सरकली. कोण ओरडतंय, "निवसर कुणाकडे? निवसर इकडे आणा!" कोण पुलाचं टोक बोगद्याच्या टोकाशी लावून बघतंय आणि "नाही, हे इथलं नव्हे" म्हणत पुढे जातंय. उक्षीनंतर बोगदा, बोगद्यानंतर भोके, मग रत्नागिरी, मग पूल, मग निवसर. जे शेजारचं नव्हतं ते लागत नव्हतं, आणि जे शेजारचं होतं ते अलगद बसत होतं. दुपारी दोनच्या सुमारास एकोणीस मॉडेलं एका रांगेत उभी राहिली. अडतीस फूट लाईन. शाळेचा हॉल पुरेना, तेव्हा निवसरच्या पुढचा भाग आम्ही दार उघडून व्हरांड्यात नेला.

डोंबिवलीहून आलेल्या तेजस्वीने आपलं डिझेल इंजिन आणि सहा डबे रुळावर ठेवले. तारा जोडल्या. इंजिन उक्षीहून निघालं.

 गाडी बोगद्यात शिरली तेव्हा आवाज बदलला, आणि संदेशने मान वर केली. गाडी बाहेर पडली, तांबड्या कटिंगमधून वळली, रत्नागिरी स्टेशनात शिरली, पुलावर चढली. पुलावर तिचा आवाज एकदम हलका झाला. संदेश तिच्या बरोबरीने बाकांच्या कडेने चालत होता, बायकोचा हात न धरता. एकोणीस घरांत, एकोणीस हातांनी बांधलेल्या रुळांवरून ती गाडी एकदाही न अडखळता दाराबाहेर गेली. नाशिकचे गृहस्थ खाली बसले आणि त्यांनी तोंडावर रुमाल धरला.

चार वाजता रझिया मला घरी, चाचांच्या कामाच्या खोलीत घेऊन गेली. असं काही जुळायचं, तर त्याचा नकाशा असणारच, असं तिला वाटत होतं. पत्र्याच्या पेटीत, फायलींच्या खाली, गुंडाळी सापडली. आम्ही ती जमिनीवर पसरली. ती खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेली, तरी संपली नाही. चिपळूणपासून राजापूरपर्यंतची लाईन होती. मधली साधी लांबी गाळून चौसष्ट तुकडे पाडलेले, प्रत्येकाच्या दोन्ही टोकांचा उतार पेन्सिलीने काढलेला. कोपऱ्यात तारीख होती, दोन हजार पाच सालची. म्हणजे माझ्या दारात येण्याच्या एक वर्ष आधीची.

"त्यांनी मला पण नाय सांगितलं," रझिया म्हणाली. तिने कागदाची कड हाताने सपाट केली. "सांगितलं असतं तर लोकांना वाटलं असतं, आपल्याकडे अर्धवटच वस्तू आहे. बाबांना प्रत्येकाच्या हातात पुरी वस्तू द्यायची होती."

चौसष्टपैकी तेवीस किटं त्यांच्या हातून झाली होती. उरलेली आपल्या आयुष्यात व्हायची नाहीत, हा हिशेब मापं घेणाऱ्या त्या माणसाला पहिल्या दिवशीच कळला असणार. तरी त्यांनी चौसष्टच्या चौसष्ट तुकड्यांची टोकं काढून ठेवली होती. मी चष्मा पुसला आणि पुन्हा खाली वाकले. रेषा अजून स्वच्छ होत्या.

"मॅडम, आता चोविसावा कुठला करायचा?" रझियाने विचारलं.

मी बोट ठेवलं. संगमेश्वरच्या अलीकडची एक मोरी होती.

पुढच्या शनिवारी सकाळी आम्ही दोघी टेप, वही आणि पाण्याची बाटली घेऊन गाडीत बसलो. मोरीपाशी गवत कमरेएवढं वाढलं होतं. रझिया आधी उतरली, मग तिने मला हात दिला.