रंजनबेनचं शहर

गुडघे गेल्यामुळे रंजनबेनचं देवळात जाणं बंद झालं, तेव्हापासून त्या दुपारी कॉम्प्युटरवर शहर वसवायचा खेळ खेळू लागल्या. भावनगरच्या त्या दोन खोल्यांत बसून त्यांनी नदीकाठी बंदर बांधलं, बाजार भरवला, रस्त्यांना माहेरच्या बहिणींची नावं दिली.

नवा कॉम्प्युटर आला, तेव्हा सगळे खेळ त्यावर न्यायचं काम जावई भौमिकने आपणहून अंगावर घेतलं. आपल्याला यातलं सगळं कळतं, असं तो सासरी नेहमी सांगायचा. जुना कॉम्प्युटर महिला मंडळाला द्यायचा होता. खेळांची फोल्डरं नव्यावर टाकून तो जुनी डिस्क पुसायला बसला, तेव्हा रंजनबेननी विचारलं, "भौमिककुमार, माझं शहर आलं ना तिकडे?"

"आलं, आलं," तो मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला. त्याने पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी खेळ झकास सुरू झाला. शहर मात्र नव्हतं. खेळलेलं सगळं डिस्कवर वेगळ्याच जागी साठतं, हे त्याला आत्ता आठवलं. ती जागा त्याने कोरी करून टाकली होती. सगळे त्याच्याकडे बघत होते. तो बोलून गेला, "जुनी डिस्कच खराब होती, मम्मी."

रंजनबेन नवऱ्यावर, कनुभाईंवर उखडल्या. जुन्या कॉम्प्युटरमध्ये कुणाची तरी वापरलेली डिस्क त्यांनीच आणून बसवली होती. कनुभाईंनी खाली मान घालून चूक कबूल केली. मग जावयाला दिवसभर राबवलं म्हणून रंजनबेननी त्याचीच माफी मागितली आणि त्याला जेवायला दूधपाक वाढला. समोर सासरे नुसतेच भात चिवडत होते.

"पप्पा, डिस्क चांगली होती," भौमिक म्हणाला. "मी न बघताच पुसली. आणि वर खोटं बोललो."

त्याची बायको उर्वी त्याच्याकडे बघतच राहिली. रंजनबेन म्हणाल्या, "शहर मी परत वसवेन. पण यांना का ऐकून घ्यायला लावलंत?"

त्याचे कान तापले.

त्यानंतर काही ना काही निमित्त काढून तो भावनगरला जायचं टाळत राहिला. दिवाळीला जावंच लागलं. रंजनबेन नव्या शहराचे पहिले रस्ते आखत होत्या. मदत करू का, हे विचारायचंही त्याला धाडस होईना.

"बसा, कुमार," त्या न वळता म्हणाल्या. "माउसला मात्र हात लावू नका."

तो बसला. कनुभाईंनी त्याच्यासाठी चहा आणला, तेव्हा त्याने कप घेतला, पण त्यांच्याकडे बघणं काही त्याला जमलं नाही.