हिल्डाबाईंचं शिफारसपत्र

या मंडळी, जरा जवळ सरकून बसा. आमच्या यॉर्कशरमधल्या गावच्या एका थकलेल्या बाईची गोष्ट सांगतो. फार लांबण लावणार नाही.

हिल्डा ऑर्मरॉड शाळेत अडतीस वर्षं इंग्रजी शिकवत होत्या. शुक्रवारचा शेवटचा तास, फळ्यावर 'टॉल, टॉलर, टॉलेस्ट', आणि पुन्हा तेच समजावणं. एकट्याला पाहिलंत तर पहिली पायरी, दोघांना शेजारी उभं केलंत तर दुसरी. तिसरीवर चढायचं तर सगळे पाहिलेले हवेत. "सगळे पाहिलेस का गं?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. पाय सुजले होते, खडू जड वाटत होता. उन्हाळ्यात निवृत्ती होती, आणि उन्हाळा काही येत नव्हता.

शाळा सुटली तसे मुख्याध्यापक नॉर्मन बॅराक्लफ आत आले. हेही एकेकाळचे बाईंचेच विद्यार्थी. हातात बाईंनी बेथन प्यूसाठी लिहिलेलं शिफारसपत्र. ही तरुण शिक्षिका वर्षापुरती आली होती. शेजारच्या गावात कायमची जागा निघाली होती. ती हुकली तर दोन लेकरं घेऊन तिला वेल्सला आईच्या दारात जावं लागणार होतं.

"बाई, हे काय? 'चांगली शिक्षिका आहे', एवढंच?"

"आहेच ती चांगली."

"अहो, बुडवलंत पोरीला! हल्ली 'चांगली' म्हणजे 'घेऊ नका'. सगळे 'मी पाहिलेली सर्वोत्तम' असंच लिहितात. मीसुद्धा."

"तू तर शाळेतल्या पुडिंगलाही सर्वोत्तम म्हणायचास."

"होतंच ते! एक शब्द बदला, बाई. चारचं टपाल गाठायचंय."

"सगळ्या शिक्षिका मी कुठे पाहिल्यात, नॉर्मन? खोटं लिहून रविवारी चॅपलमध्ये कोणत्या तोंडानं स्तोत्रं गाऊ?"

नॉर्मन कागद ठेवून निघून गेले. शाळा सुटली तरी शेजारच्या, बेथनच्या वर्गातून आवाज येत होता. मॉरीन डॉब्सन ही विद्यार्थिनी वाचत होती, अडखळत, पण वाचत होती. दोन वर्षं खपून बाईंनी तिचा नाद सोडला होता. मॉरीन थांबली की बेथनही थांबायची. घाई नाही, सुस्कारा नाही. असं थांबणं आपल्याला कधी जमलंच नाही, हे बाईंना त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. देव कुणाला काय देतो, हे मागाहून कळतं.

त्यांनी नवा कागद घेतला.

"एका मुलीला वाचायला शिकवणं मी सोडून दिलं होतं. हिनं तिला शिकवलं. मी अडतीस वर्षं शिकवते आहे. ही माझ्यापेक्षा चांगली शिक्षिका आहे."

खाली सही केली. मग कोट चढवून त्या स्वतःच टपालपेटीपर्यंत गेल्या, दोनदा भिंतीला टेकत.

बेथनला ती जागा मिळाली. पत्रात काय होतं, हे बाईंनी तिला कधीच सांगितलं नाही.

आज निजण्यापूर्वी देवापुढे चार नावं घ्याल, तेव्हा हिल्डा ऑर्मरॉडचंही घ्या. एवढंच मागणं.